बारा फ्रेमांचा धोटा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला यंत्रमाग दिसण्याआधी ऐकू येतो. पत्र्याच्या शेडमधून बाहेर पडणारा तो खडखडाट नवख्याला एकसुरी वाटतो, पण पाच-दहा मिनिटे दाराशी उभे राहिले की त्यातले आवाज सुटे व्हायला लागतात. धोट्याला बसलेला दणका, धोटा पलीकडच्या पेटीत जाऊन आदळल्याचा आवाज, आणि फणीने आडवा धागा कापडाला भिडवल्याचा ठोका. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्ही मालांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि त्यांचे नाव या आवाजावर उभे आहे. अॅनिमेशन शिकणाऱ्या मुलांना हालचालीची आखणी कशी शिकवावी, या विषयाची सुरुवात अशा शेडच्या दारात करण्याला एक सबळ कारण आहे. ते कारण चौकटीच्या कागदावर सापडते.

चादरीवरचा मोर मागावर जाण्याआधी ग्राफवर बसलेला असतो. जकार्डची नक्षी आखणारा माणूस चौकटीचा कागद घेतो. कागदावरचा प्रत्येक उभा रकाना म्हणजे जकार्डचा एक हूक आणि त्याला जोडलेले ताण्याचे धागे. प्रत्येक आडवी ओळ म्हणजे धोटा एकदा गेला की पडणारा एक आडवा धागा, मागावरच्या भाषेत एक पिक. चौकोन भरला तर धागा वर उचलायचा, रिकामा सोडला तर खाली राहू द्यायचा. मग एकेका ओळीचे पुठ्ठ्याचे एकेक कार्ड पंच होते. नक्षी 600 पिकांची असेल तर 600 कार्डे, एकामागे एक ओवलेली, मागाच्या माथ्यावर माळेसारखी फिरणारी. जोसेफ मारी जकार्डने फ्रान्समधल्या लियोंमध्ये हे यंत्र 1804 च्या सुमारास घडवले. आज इलेक्ट्रॉनिक जकार्डवर कार्डांची जागा संगणकातल्या फाइलने घेतली आहे, तरी ओळीमागून ओळ हा हिशेब तसाच आहे.

ग्राफचा कागदही कोणताही चालत नाही. इंचात उभे धागे किती आणि आडवे किती, त्या प्रमाणात चौकोनाची लांबी-रुंदी धरावी लागते. ते प्रमाण चुकले की कागदावर डौलदार दिसणारा मोर कापडावर बगळ्यासारखा लांबतो. म्हणजे आखणाऱ्याला कागदावर मोर दिसत असला तरी डोक्यात सतत कापड असते.

एक ओळ, एक पिक. अॅनिमेशनच्या एक्सपोजर शीटवर एक ओळ, एक फ्रेम.

एक्सपोजर शीट, बोलताना एक्स-शीट किंवा डोप शीट, हा एक लांबट कागद असतो. त्यावर वेळ वरून खाली उतरते: सिनेमाच्या मापाने सेकंदाला 24 ओळी, आपल्याकडच्या दूरचित्रवाणीच्या मापाने 25. आडव्या बाजूला रकाने असतात. पार्श्वभूमीचा एक, पात्राचा एक, हाताचा वेगळा, आवाजाचा वेगळा, कॅमेऱ्याचा वेगळा. कोणते चित्र कितव्या ओळीवर येते आणि किती ओळी टिकते, एवढेच त्यावर लिहायचे. एकच चित्र दोन-दोन ओळी ठेवले की सेकंदाला 12 चित्रांत काम भागते, आणि हाताने काढलेल्या अॅनिमेशनमध्ये बहुतेक वेळा तसेच भागवले जाते. हा कागद पाहायला रुक्ष असतो. त्यावर एकही चित्र नसले तरी चालते. तरीही हालचाल खऱ्या अर्थाने ठरते ती इथेच.

पुढची पाने अशाच साधनांविषयी आहेत: आगपेटीएवढी कच्ची चित्रे म्हणजे थंबनेल, ती क्रमाने लावून केलेला स्टोरीबोर्ड, त्याला आवाज आणि कालावधी जोडून केलेला अॅनिमॅटिक, एक्स-शीट, आणि चित्राच्या कडेला काढलेली टायमिंग चार्टची छोटी शिडी. मोशन डिझाइन म्हणजे चित्रपटाची श्रेयनामावली, जाहिरातीतले हलते बोधचिन्ह, बातम्यांतला हलता नकाशा, मोबाइलच्या पडद्यावर सरकणारे बटण. ही कला शिकणाऱ्याच्या हातात ही साधने संगणकाआधी यावीत, असे या पानांचे म्हणणे आहे.

आज बहुधा उलट घडते. विद्यार्थी पहिल्याच दिवशी सॉफ्टवेअर उघडतो, टाइमलाइनवर दोन कीफ्रेम ठेवतो, आणि मधले सारे संगणक भरून देतो. वस्तू हलते. ती हलली याचाच आनंद इतका असतो की ती का हलली, केव्हा निघाली, कुठे विसावली, हे प्रश्न मागे पडतात. अशा कामात एक गोष्ट हमखास दिसते, कुठेच काही थांबत नाही. अक्षरे तरंगत येतात, चित्र तरंगत जाते, सगळे एकाच लयीत, कारण ती लय संगणकाने सुचवलेली असते. त्यात आळस नसतो. मधल्या फ्रेमा ठरवायच्या असतात हेच त्या मुलाला कुणी दाखवलेले नसते. कॅनडात काम केलेले अॅनिमेटर नॉर्मन मॅक्लारेन फ्रेमवरच्या चित्रापेक्षा दोन फ्रेमांच्या मध्ये घडणाऱ्या गोष्टीला अधिक मानत, आणि अॅनिमेशनच्या शिक्षकांनी ती भूमिका पुढे पिढ्यान्‌पिढ्या वापरली. त्या मधल्या जागेवर बोट ठेवायचे तर कागदाइतके सोपे साधन दुसरे नाही.

चित्रे क्रमाने मांडून गोष्ट सांगणे मराठी मुलखाला नवे नाही. सिंधुदुर्गातल्या कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाच्या चित्रकथींनी ही कला जपली. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची रंगवलेली पाने एका पोथीत असतात. कथेकरी एक पान समोर धरतो, गातो, त्या चित्रातले पात्र बोलू लागते, आणि ठरलेल्या ठिकाणी पान बदलते. पान बदलण्याची ती वेळ आवाजाने ठरते. ओळ कुठे संपते, वाद्य कुठे थांबते, यावर. स्टोरीबोर्ड शिकवताना पिंगुळीचे उदाहरण आधी द्यावे, कारण स्टोरीबोर्ड चित्रांचा संग्रह नसून चित्रे बदलण्याचे वेळापत्रक आहे, हे त्यातून लगेच कळते.

स्टुडिओतला स्टोरीबोर्ड आला तो 1930 च्या दशकातल्या अमेरिकेतून. डिस्नी स्टुडिओतले वेब स्मिथ यांनी प्रसंगांची चित्रे सुट्या कागदांवर काढून फळ्यावर टाचण्यांनी लावायला सुरुवात केली, असे सांगितले जाते. 1933 च्या ‘थ्री लिटल पिग्ज’ची आखणी या पद्धतीने झाली. यातली खरी युक्ती टाचणीत आहे. वहीत काढलेले चित्र फाडावे लागते, टाचलेले चित्र नुसते काढता येते. वर्गातही हाच कस लावावा. विद्यार्थ्याच्या बारा चित्रांतले एक शिक्षकाने काढून घ्यावे आणि गोष्ट उभी राहते का ते पाहावे. राहिली, तर ते चित्र कितीही सुंदर असले तरी जादा होते.

महाराष्ट्रात हालचाल फ्रेमांत मोजण्याचे काम त्याही आधी सुरू झालेले होते. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ करण्याआधी एक वाटाणा पेरला. रोप उगवताना त्याची एकेक फ्रेम थांबून थांबून टिपली, आणि पडद्यावर अंकुर डोळ्यांदेखत वाढताना दाखवला. भांडवल देऊ शकणाऱ्या माणसाला हे माध्यम काय करू शकते ते पटवायला त्यांनी ती फिल्म वापरली. पुढे 1915 च्या सुमारास त्यांनी आगकाड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली. तो पट आज हाती नाही.

त्या वाटाण्यातून वर्गासाठी एक नामी गणित निघते. समजा रोप 30 दिवस वाढणार आहे, पडद्यावर ते एक मिनिटात दाखवायचे आहे, आणि मूकपटाचा वेग सेकंदाला 16 फ्रेम धरला आहे. एकूण फ्रेमा 960. तीस दिवसांची मिनिटे 43,200. म्हणजे दर 45 मिनिटांनी एक फ्रेम, रात्रंदिवस. कागदावर हा भागाकार केलेला नसेल तर कॅमेऱ्याला हात लावून उपयोग नाही, आणि एकदा रोप वाढून गेले की मागे जाता येत नाही. आजच्या मुलाला मागे जाण्याचे बटण कायम हाताशी असते. म्हणून त्याने निदान एक अभ्यास असा करावा की ज्यात ते बटण नाही.

प्रभात फिल्म कंपनीने 1934 मध्ये ‘जंबू काका’ हा कार्टूनपट केला, पण अॅनिमेशनचे रीतसर शिक्षण मुंबईत पाय रोवून उभे राहिले ते 1956 मध्ये, फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून फिल्म युनिटमध्ये. भारतात जन्मलेले आणि डिस्नीच्या ‘बॅम्बी’सारख्या पटांवर काम केलेले क्लेअर वीक्स तिथे शिकवायला आले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांत राम मोहन होते. जातककथेवरचा ‘द बॅनियन डिअर’ हा लघुपट या शिकवणीतूनच 1957 मध्ये बाहेर आला. वर्ग आणि काम तिथे एकाच टेबलावर होते: आधी आखणी, मग चित्रे, आणि चित्रांनंतर कॅमेरा. राम मोहन यांनी पुढे सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’तला अॅनिमेशनचा भाग केला, आणि ‘मीना’ या मुलीच्या गोष्टी साऱ्या दक्षिण आशियात पोहोचवल्या. त्यांचे ‘शतरंज के खिलाडी’तले काम मोशन डिझाइनच्या विद्यार्थ्याने आवर्जून थांबवून थांबवून पाहावे. गुंतागुंतीचा राजकीय इतिहास काही मिनिटांत, विनोदाच्या अंगाने सांगायचा, हे काम आधी कागदावर जमल्याशिवाय होत नाही.

त्याच परंपरेतला ‘एक अनेक और एकता’ 1974 मधला. मराठी घरातल्या विजया मुळे यांनी तो केला, अॅनिमेशन भीमसेन यांचे. दूरदर्शनच्या काळात वाढलेल्या कितीतरी घरांत तो आजही आठवतो. तो पुन्हा पाहताना चित्रांकडे न पाहता ठेक्याकडे पाहावे. पाखरे उडतात, जाळे उचलले जाते, मुले धावतात, आणि हालचाल गाण्याला धरून चालते. अशा पटाची आखणी आवाजापासून सुरू करावी लागते. आधी गाणे फ्रेमांत मोजायचे, कोणता शब्द कितव्या फ्रेमवर सुरू होतो ते लिहून घ्यायचे, आणि मग त्या कागदावर चित्रांना जागा द्यायची. आज हे काम मोबाइलवर रेकॉर्ड केलेल्या स्वतःच्या आवाजावरही करता येते.

अॅनिमॅटिक म्हणजे स्टोरीबोर्डच्या मनगटाला घड्याळ बांधणे. तीच कच्ची चित्रे, पण आता प्रत्येकाला कालावधी आणि मागे आवाज. इथे फार मोठे भ्रम उतरतात. आठ सेकंदांची समजलेली जाहिरात चौदा सेकंदांची निघते. फळ्यावर झकास वाटलेले वळण अर्ध्या सेकंदात कुणाला दिसतच नाही. सोळा थरांची फाइल तयार झाल्यावर हे कळले तर आठवडा वाया जातो; आगपेटीएवढ्या चित्रांवर कळले तर एक दुपार जाते. ज्या वर्गात संगणक कमी आणि मुले जास्त असतात, तिथे तर या साधनांचे मोल आणखी वाढते.

आता पुन्हा मागाकडे. फणी ज्या चौकटीत बसवलेली असते, ती चौकट पुढे-मागे झुलते. तिला हलवणारी दांडी फिरत्या क्रँकला जोडलेली असते. क्रँक एकसारख्या वेगाने फिरतो, पण चौकट एकसारखी हलत नाही. दांडीच्या लांबीमुळे ती मागच्या टोकाला जास्त वेळ रेंगाळते आणि पुढच्या टोकाशी झपकन येऊन फिरते. हा मागाचा दोष नाही, ती त्याची गरज आहे. मागे रेंगाळते तेवढ्या वेळात धोट्याला उघड्या धाग्यांमधून सुखरूप पार व्हायचे असते, आणि पुढे झपकन आल्यामुळे धागा घट्ट भिडतो.

अॅनिमेशनच्या वर्गात ‘ईझ’ हा शब्द पहिल्या आठवड्यात येतो. सॉफ्टवेअरमध्ये एक कळ दाबली की तो मिळतो, रेषेला गोलाई येते, हालचाल मऊ होते. पण तो का द्यायचा? यंत्रमागाची चौकट याचे फार चांगले उत्तर देते. टायमिंग चार्टची शिडी काढून पाहा. मागच्या टोकाशी पायऱ्या दाटीने पडतात, पुढे येता येता विरळ होतात. दाटी तिथे वेळ, विरळता तिथे जोर. मऊपणा शोभेसाठी नसतो, त्या क्षणात काहीतरी व्हायचे असते म्हणून तो दिलेला असतो. हे मुलाच्या एकदा लक्षात आले की बोधचिन्ह पडद्यावर येऊन किती रेंगाळावे, हे तो स्वतः ठरवू लागतो.

अक्षरांची गोष्ट वेगळी मांडायला हवी, कारण मराठीत मोशन डिझाइन करणाऱ्याला ती रोज अडते. रोमन लिपीतले शब्द एकेक अक्षराने पडद्यावर आणण्याची तयार सोय सॉफ्टवेअरमध्ये असते. तीच देवनागरीला लावली की शब्द मोडू शकतो: वेलांटी आपल्या व्यंजनापासून सुटते, जोडाक्षराचे तुकडे होतात, शिरोरेघेत फटी पडतात. ‘सिद्धेश्वर’ हा शब्द हलवायचा तर तो सि, द्धे, श्व, र असा चार घासांत हलतो. ‘अक्कलकोट’ अ, क्क, ल, को, ट असा पाच. हा निर्णय संगणकावर सोडता येत नाही, तो स्टोरीबोर्डच्या चौकटीखाली हाताने लिहावा लागतो. शिरोरेघ आधी येणार की अक्षरे आधी, हेही तिथेच ठरते. रेघ आधी ओढून खाली अक्षरे टांगणे, किंवा अक्षरे बसल्यावर वरून रेघ फिरवणे, या दोहोंचा परिणाम अगदी निराळा होतो. पाटीवर लिहायला शिकलेल्या कुठल्याही मराठी माणसाच्या हाताला यातला दुसरा क्रम ओळखीचा असतो. देवनागरीच्या या खुब्या इतरांच्या तयार साच्यांत मिळणार नाहीत, त्या मराठी विद्यार्थ्यानेच कागदावर शोधायच्या आहेत.

आखणीवर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो खरा आहे. सगळे आधी ठरवले तर हाताला सुचणारे मरते. डिस्नीचे अॅनिमेटर फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी 1981 च्या आपल्या पुस्तकात अॅनिमेशनची बारा तत्त्वे मांडताना दोन्ही वाटा सांगितल्या: आधी मुख्य मुद्रा ठरवून मधले भरणे, आणि पहिल्या चित्रापासून सुटून पुढे पुढे काढत जाणे. आग, धूर, पाणी दुसऱ्या वाटेने जास्त जिवंत होतात. फिल्म्स डिव्हिजनमध्येच प्रमोद पती यांनी ‘ट्रिप’ आणि ‘आबिद’मध्ये जिवंत माणसांना फ्रेमाफ्रेमाने हलवून जे केले, त्यात प्रयोगाची मोकळीक उघड दिसते.

इथे जकार्डची उपमा सोडावी लागते. जकार्डच्या ग्राफवर एकदा चौकोन भरला की मागावर उभ्या माणसाला त्यात बदल करायला जागा नाही. पैठणीचा मोर वेगळा. येवल्याच्या हातमागावर विणकर नक्षीचे धागे मोजून बोटांनी रंगीत धागा घालतो. मोजमाप पक्के असते, तरी प्रत्येक धागा हाताखालून जातो. विद्यार्थ्याची एक्स-शीट पैठणीच्या जवळची असावी. शीट 240 ओळींची असेल, तर त्यांपैकी कोणत्या पंचवीस मोकळ्या सोडायच्या, जिथे धूर आपल्या मनाने वर जाईल, हे मात्र आधी ठरलेले असावे.

पहिला अभ्यास म्हणून एक माग पुरेसा आहे, आणि तो सोलापुरात शोधावा लागत नाही. परवानगी घेऊन, सुटे कपडे आणि ओढणी-उपरणे आवरून, सुरक्षित अंतरावरून मोबाइलवर एक मिनिट चित्रण करावे. मिनिटाला 120 पिक पडतात असे धरू. म्हणजे सेकंदाला दोन, आणि एका पिकाला 12 फ्रेम. एक्स-शीटवर 12 ओळींवर खूण करून चार रकाने पाडावेत: उघडणारे धागे, धोटा, फणी, आवाज. धोट्याचा उघड्या धाग्यांमधला प्रवास त्यातल्या चार-पाच ओळींतच संपतो हे बहुतेकांना आधी पटत नाही. डोळ्याला तो सतत धावताना दिसतो. कागद सांगतो की तो निम्म्याहून अधिक वेळ पेटीत थांबलेला असतो.

मग या 12 फ्रेमा एकामागे एक फिरवून पाहायच्या. धोटा डावीकडून उजवीकडे जातो आणि पुढच्या क्षणी, काहीही न करता, पुन्हा डावीकडे उभा असतो. परत येण्याच्या ओळी लिहिलेल्याच नसतात. शीट 24 ओळींची करावी लागते. टेरी टॉवेलच्या धोट्याच्या मागावर हिशेब आणखी पुढे जातो. तिथे फणी पहिले दोन धागे कापडापासून थोड्या अंतरावर सोडते आणि तिसऱ्या ठोक्याला तिन्ही एकदम पुढे भिडवते. घट्ट ताण्यावरून ते सरकतात, सैल ताण्याला मात्र सोबत ओढतात, आणि टॉवेलाची लूप उभी राहते. धोट्याची फेरी दोन पिकांची, फणीची तीन पिकांची. दोन्ही पुन्हा मूळ जागी एकत्र येतात ते सहाव्या पिकानंतर, म्हणजे 72 फ्रेमांनी. शेडच्या दारातून ऐकू येणारा ठेकाही तीन सेकंदांनीच पूर्ण होत असतो: दोन हलके, एक जड, दोन हलके, एक जड.